प्रवरेच्या काठचे कारागीर



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम किल्ला उभा राहतो, मग तलवार, आणि तिच्यामागून राजा. त्यात वावगे काहीच नाही. आपल्या उशाशी पट्ट्याचा किल्ला आहे. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवछत्रपती तेथे विसावले आणि त्या गडाला विश्रामगड हे नाव मिळाले. त्याहून जुना पुरावा हवा असेल, तर यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट आपल्या संगमनेरच्याच नावाने अभ्यासकांत ओळखला जातो. गावाने या गोष्टींचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे. परंतु त्या ताम्रपटासंबंधी एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. दान भिल्लमाने दिले हे खरे. पण तो पत्रा ठोकला कोणी? घासून सपाट केला कोणी? आणि त्यावर एकेक अक्षर कोरले कोणी? राजाचे नाव टिकले ते त्या हातांमुळे, आणि त्या हातांचे नाव मात्र आपल्या जिभेवर नाही.

आजच्या व्याख्यानात मी हाच प्रश्न घेऊन आपल्याला प्रवरेच्या काठाने खाली नेणार आहे. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी आपल्या गावाशी म्हाळुंगीला पोटात घेते, पुढे जोर्वे, दायमाबाद, नेवासे अशी गावे करीत प्रवरासंगमाशी गोदावरीला मिळते, आणि गोदावरी तेच पाणी पैठणच्या घाटाला लावते. या सगळ्या वाटेवर जुन्या वस्त्यांचे अवशेष पसरलेले आहेत. प्रत्येक मुक्कामी आपण ‘येथे राज्य कोणाचे होते’ हे विचारणार नाही. ‘येथे कोणती वस्तू घडत होती, आणि ती घडविणाऱ्याची पत काय होती’ एवढेच विचारणार आहोत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या खोऱ्याची भरभराट आणि उतार जर कोठे चोख नोंदला गेला असेल, तर तो कारागिराच्या कामात; आणि ती नोंद ज्या वहीत आहे ती वही म्हणजे आपल्या गावोगावची पांढर. ही वही आज आपण गाडीगाडीने विकत आहोत.

पहिला मुक्काम फार लांब नाही. संगमनेरच्या पूर्वेला सात-आठ किलोमीटरवर प्रवरेच्या डाव्या तीरावर जोर्वे आहे. आपल्यापैकी अनेकांची तेथे सोयरीक असेल, कित्येकांची शेती असेल. परंतु जगातील पुरातत्त्वाच्या ग्रंथांत संगमनेरापेक्षाही जोर्व्याचे नाव अधिक वेळा छापले गेले आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिकबरोबर येथेही उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. तोवर महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून, फार तर अशोकापासून सुरू करण्याची वहिवाट होती. जोर्व्याच्या खापरांनी ती वहिवाट मोडली आणि आपला इतिहास एकदम हजार वर्षांनी मागे नेला. पुढे तापी, गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांत तशाच खापरांची दोनशेच्या घरात स्थळे सापडली आणि त्या सर्वांना मिळून विद्वानांनी ‘जोर्वे संस्कृती’ असे नाव दिले. तिचा भरभराटीचा काळ साधारणपणे इसवी सनापूर्वी १४०० ते १००० असा धरतात.

आता एवढे नाव मिळविणारे ते खापर होते तरी कसे? तांबड्या अंगावर काळ्या रंगाने काढलेली नक्षी. तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. आकार ठरलेले: कमरेशी कोन असलेला वाडगा, उंच मानेचा गोल माठ, आणि फाकट तोंडाचे तोटीचे भांडे. माती चांगली मळलेली आणि गाळलेली, चाक सफाईने फिरलेले, आणि भाजणी अशी की तुकडा बोटाने वाजविला तर धातूसारखा खणखणीत आवाज यावा. कुंभारकाम ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना या एका आवाजात सगळे समजेल. असा आवाज यायला माती निवडावी लागते, भट्टीची आच जाणावी लागते, आणि शेकडो भांडी फुटून वाया गेल्यावर हाताला जी जाण येते ती अंगी असावी लागते. घरची बाई सवडीने चुलीपाशी असे भांडे भाजीत नाही. हे काम दिवसभर तेवढाच धंदा करणाऱ्याचे आहे. याचा अर्थ असा की तीन हजार वर्षांपूर्वी जोर्व्याच्या शेतकऱ्याच्या कणगीत इतके धान्य उरत होते की गाव एका माणसाला शेतीतून मोकळा करून चाकापाशी बसवू शकत होते. बलुतेदारी पुढे कोणत्या रूपात आली हा प्रश्न वेगळा. तिचे बी या तोटीच्या भांड्यात आहे.

जोर्व्यालाच सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली, ती तांब्याची. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात तांबे फारसे निघत नाही. ते लांबून, बहुधा राजस्थानाकडून येत असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे तांबे महाग. म्हणून जोर्वेकराने ते जपून वापरले. कुऱ्हाड तांब्याची, पण रोजच्या कापाकापीसाठी, विळ्याच्या दात्यांसाठी, त्याने प्रवरेच्या पात्रात फुकट मिळणाऱ्या गारगोटीच्या जातीच्या दगडाची पाती काढली. ही पाती काढण्यातही कसब होते. दगडाच्या गाभ्याला आधी एक कंगोरा घडवायचा, मग त्या कंगोऱ्यावर नेमका दाब देऊन लांबट, सारख्या जाडीची पाती एकामागून एक उतरवायची. महाग वस्तू कोठे वापरावी आणि फुकटची कोठे, हा हिशेब ज्याला जमतो त्याला रानटी म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

हे लोक एकत्र कसे राहत, याचे चित्र जोर्व्यापेक्षा पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगावला अधिक स्पष्ट दिसले. तेथे १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन चालले. वस्तीच्या मध्यभागी खाऊनपिऊन सुखी माणसांची घरे, पाच खोल्यांचे एक मोठे घर गावच्या प्रमुखाचे असावे असे, आणि कुंभार, सोनार, चुना भाजणारा, हस्तिदंती काम करणारा अशांची घरे पश्चिमेच्या कडेला. गावाच्या उभारणीत कारागिराची जागा कडेची होती, हे आपल्याला ओळखीचे वाटेल. इतिहास सांगताना चांगले तेवढे सांगून भागत नाही. हेही सांगावे लागते.

जोर्वे सोडून खाली निघालो की लोणी लागते. येथे क्षणभर थांबण्याचे कारण आहे. ज्या १९५०-५१ च्या हंगामात जोर्व्याला कुदळ लागली, त्याच हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने पाणी दिलेच होते. सहकाराने त्या पाण्याचे पैसे केले. एकाच हंगामात या खोऱ्याला त्याचा सर्वांत जुना काळ सापडला आणि सर्वांत नवा काळही. पण दोघांच्या गरजा वेगळ्या. नव्याला सपाट जमीन हवी, जुन्याला त्याचे टेकाड तसेच राहायला हवे. हा तंटा पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच लक्षात ठेवावा.

दुसरा मुक्काम दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्याच तीरावर हे ओसाड गाव आहे. १९५८ साली बोपर्डीकर यांनी हे स्थळ उजेडात आणले आणि १९५८-५९ पासून १९७९ पर्यंत मधूनमधून देशपांडे, राव आणि साळी यांनी येथे उत्खनन केले. जोर्वे संस्कृतीच्या ज्ञात वस्त्यांत हे सर्वांत मोठे. विस्तार सुमारे वीस हेक्टर. एकावर एक पाच संस्कृतींचे थर येथे मिळाले, आणि त्यांतील एका थरात उत्तरकालीन हडप्पा संस्कृतीच्या लोकांच्या खुणा, त्यांच्या लिपीची चिन्हे असलेल्या वस्तूंसह सापडल्या. सिंधूच्या काठची विद्या प्रवरेच्या काठी पोहोचली होती, याला याहून मोठी साक्ष कोणती?

पण दायमाबादचे नाव सर्वतोमुखी झाले ते वेगळ्या कारणाने. १९७४ साली छबू लक्ष्मण भील या गृहस्थाला जळणासाठी झाडाचे मूळ खणताना चार वस्तू लागल्या. दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला सारथी, चाकांवरचा रेडा, हत्ती, आणि गेंडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, सगळे काम भरीव ओतीव, आणि चारही मिळून वजन साठ किलोहून अधिक. हा रथ खेळण्यातला नव्हे हे पाहताक्षणी कळते. जोर्व्याला जेथे तांबे जपून वापरीत होते, तेथून एक दिवसाच्या वाटेवर इतक्या धातूचा रस एका वेळी ओतणारा ओतारी होता, आणि त्याला बैलाच्या पाठीची वळणे, सारथ्याच्या पायांचा तोल, रेड्याच्या मानेचा जडपणा नेमका दिसत होता. पुढे या वस्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आल्या आणि आज त्या देशाच्या मोठ्या संग्रहालयांचे भूषण झाल्या आहेत.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हे ओतकाम कोणत्या काळचे? साळी, ढवळीकर प्रभृतींनी ते उत्तर हडप्पा काळाचे मानले. डी. पी. अगरवाल यांनी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून शंका काढली आणि ते पुष्कळ नंतरचे असू शकेल असे सुचविले. वाद इतकी वर्षे चालला, कारण वस्तू थरातून पद्धतशीर उत्खननात निघाल्या नाहीत. वस्तू हाती आली, पण तिच्या वरची माती, खालची माती, शेजारचे खापर, जवळची राख, यांची जबानी घेता आली नाही. यात छबू भील यांचा काही दोष नाही. ते जळण शोधत होते आणि त्यांच्या हातून देशाला एक ठेवा मिळाला. मुद्दा एवढाच की थरापासून सुटलेली वस्तू सोन्याची असली तरी अर्धी मुकी होते, आणि थरात बसलेले फुटके खापर सुद्धा बोलते. पांढरीच्या मातीचे मोल यात आहे.

तिसरा मुक्काम नेवासे. नेवासे म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात, कारण शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानदेवांनी येथे खांबाला टेकून गीतेवर भाष्य सांगितले. त्या गावाच्या पायाखाली काय आहे, हे १९५४ ते १९५६ आणि १९५९ ते १९६१ या काळात सांकलिया, देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाडमोड या टेकाडावर खणून पाहिले. नदीकाठच्या खडीत अश्मयुगाची हत्यारे, त्यावर जोर्वे काळची वस्ती, त्यावर सातवाहन, आणि त्याहीवर मुसलमानी अमलाचा काळ. माणसाच्या वस्तीची अशी उतरंड थोड्याच ठिकाणी मिळते.

या उतरंडीतली एकच वस्तू मी आपल्यापुढे ठेवतो. जोर्वे काळातील लोक आपली लहान मुले दगावली की त्यांना दूर मसणवटीत नेत नसत. दोन माठ तोंडाला तोंड लावून त्यात मूल ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी तांब्याचे, म्हणून त्यांच्या गंजाने आतला धागा कुजू दिला नाही. तीन हजार वर्षांनी तो धागा तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात कापूस आढळला आणि कापसाबरोबर रेशमाचाही अंश आढळला. लाडमोडच्या त्या घरात कोणी आई होती; तिने महागाचे तांबे मुलाच्या गळ्यातून काढून घेतले नाही. आणि त्या गावाच्या परिसरात कोणीतरी सूत काततही होते. महाराष्ट्रातल्या विणकराची वंशावळ लिहायची झाली, तर तिचे पहिले पान या बोटभर धाग्याचे आहे.

मग ही भरभराट गेली कोठे? इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास नेवासे आणि दायमाबाद ओस पडली. पाऊसमान घटले, कोरडा काळ आला, असे मत ढवळीकरांनी मांडले. इनामगावची वस्ती आणखी दोन-तीनशे वर्षे तग धरून राहिली, पण कशी? चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती मागे पडून शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्यावर भिस्त आली. आणि मडकी ओबडधोबड झाली, त्यांच्यावरची नक्षी विरळ झाली. राजाची वंशावळ नाही, लेख नाही, बखर नाही. तरी दुष्काळाची तारीख आपल्याला कळते ती कुंभाराच्या हातावरून. ज्या गावाच्या कणगीत तूट येते त्या गावात कारागीर प्रथम चाक सोडून रानात जातो. हा नियम तेव्हाचा आहे, आणि १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

नेवाशाचे टेकाड त्यानंतर सातशे-आठशे वर्षे निजून होते. सातवाहनांच्या काळी त्याला पुन्हा जाग आली. आता लोखंड आले होते, विटांची घरे आली, काचेचे मणी आणि बांगड्या आल्या, आणि या थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या दारूच्या उंच कुंभांचे तुकडेही मिळाले. रोमन व्यापाऱ्याचा माल प्रवरेच्या काठी खपत होता. मग त्याच्या बदल्यात इकडून काय जात होते? त्याच्या उत्तरासाठी आपल्याला गोदावरीत उतरून चौथ्या मुक्कामी, पैठणला, गेले पाहिजे.

प्रवरासंगमापासून पैठणपर्यंतच्या पट्ट्यात आज १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी आहे. पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात तो सांगतो, की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून पुष्कळसे साधे कापड, मलमल आणि तलम वस्त्रे गाड्यांवर लादून भडोचला जात. म्हणजे आपल्या पठारावरची ठाणी रोमन बाजारात ओळखली जात होती ती दोन कारागिरांमुळे: दगड घासणारा आणि कापड विणणारा.

या विणकराची पत किती होती, त्याचा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यात कोरून ठेवला आहे. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्यातल्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. राजाचा जावई तो. त्याला खजिना होता, सावकार होते. पण ठेव ठेवली कोठे? गोवर्धन येथल्या कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, नुसत्या व्याजावर काम चालवायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळत. हिशेब पैशाला पैसा जुळतो. क्षत्रप गेले, सातवाहन गेले. पण राजे बदलले तरी विणकरांचा संघ आपला शब्द पाळील असा भरवसा त्या काळच्या राजपुरुषाला होता. जुन्नरच्या लेण्यांतही बुरूड, कासार आणि धान्यव्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. आपण आज ज्याला सहकारी पतपेढी म्हणतो तिचे पूर्वज वाणी-सावकारांच्या पेढीत शोधण्याआधी विणकरांच्या मागावर शोधावेत.

हे आपल्याच मुलखाचे वैशिष्ट्य होते असे समजण्याचे कारण नाही. तुर्कस्तानच्या पश्चिमेला मेंदेरेस नदीच्या खोऱ्यात देनिझली नावाचा प्रांत आहे. तेथे हायरापोलिस आणि लाओदिकिया या दोन प्राचीन नगरांचे विस्तीर्ण अवशेष आहेत. लाओदिकियाची काळीभोर लोकर रोमन जगात नावाजलेली होती. हायरापोलिसच्या एका थडग्यावर इसवी सन २०० च्या सुमाराचा लेख आहे: आपल्या थडग्यावर सणावारी फुलांचे मुकुट चढवावेत म्हणून ग्लायकॉन नावाच्या एका गृहस्थाने जांभळा रंग देणाऱ्या रंगाऱ्यांच्या आणि गालिचे विणणाऱ्यांच्या संघांकडे पैसे ठेवले. नाशिकचा उषवदात आणि हायरापोलिसचा ग्लायकॉन यांची भेट कधी होणे शक्य नव्हते. पण कायमची ठेव कोणाकडे सुरक्षित राहील या प्रश्नाला दोघांनी एकच उत्तर दिले. आणखी एक सांगण्याजोगी गोष्ट अशी, की देनिझली आजही कापडाचा प्रांत आहे. त्यातले बुलदान गाव हातमागाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. हायरापोलिस १९८८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे येणारा प्रवासी सकाळी अवशेष पाहतो आणि संध्याकाळी विणकराचे कापड घेतो. जुने दगड आणि जिवंत माग यांची त्यांनी फारकत होऊ दिली नाही.

आपल्याकडे पैठणचे नाव ज्या वस्त्राला मिळाले ती पैठणी याच धाग्याचे शेवटचे टोक आहे. तिच्या काठापदराची नक्षी छापलेली नसते, वरून भरलेलीही नसते. प्रत्येक रंगाचा आडवा धागा निराळ्या कांडीवर घेऊन, ज्याच्या त्याच्या जागेपुरता नेऊन, शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवायचा; त्यामुळे मागे मोकळे धागे लोंबत नाहीत आणि दोन्ही अंगे सारखी दिसतात. वेल, कमळ, मोर, पोपट, सगळे याच रीतीने मागावर वाढते. अशा विणकराला पोसायला मोठे गिऱ्हाईक लागते. ते गिऱ्हाईक जेथे, तेथे माग. पैठणचे विणकर पुढे येवल्यालाही वसले, आणि रघोजी नाईकांनी त्यांना तेथे आश्रय दिला असे परंपरा सांगते. आज पैठणी म्हटले की आपली पावले येवल्याकडे वळतात. म्हणजे गावाचे नाव वस्त्राला चिकटून राहिले आणि हात दुसऱ्या गावी गेले. कला गावाच्या मातीत रुजलेली असते असे आपण भावनेने म्हणतो. वस्तुतः ती कारागिराच्या बोटांत असते, आणि बोटे पोटामागे जातात.

आता परत संगमनेरला येऊ. हे गाव हातमागाचे होते. साळी आणि पद्मशाली घरांतून धोट्याचा आवाज कानी येत असे. लुगडी विणली जात, सूत रंगविले जात. गिरणीचे कापड आले, मग यंत्रमाग आले, आणि पुष्कळ हात विडीकडे आणि इतर कामांकडे वळले. यासाठी कोणाला दोष देण्याचे प्रयोजन नाही. गिऱ्हाइकाने स्वस्त कापड घेतले आणि त्या गिऱ्हाइकात आपण सगळेच आलो. पण जोर्व्याच्या कुंभाराचे जे झाले तेच आपल्या डोळ्यांदेखत होत असेल, तर निदान त्याची नोंद तरी आपण ठेवावी. कोणत्या घरी माग होता, कोणती लुगडी निघत, मागाच्या अवयवांना काय म्हणत, रंग कशाने पक्का होई, हे सांगणारी माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांची जबानी वहीत उतरवून घ्यायला सरकार लागत नाही. शाळेतला एक शिक्षक आणि वरच्या वर्गातले दहा विद्यार्थी पुरतात. लाडमोडचा धागा टिकायला तांब्याचा गंज लागला. आपल्या विणकराची आठवण टिकायला शाई लागेल.

आणि आता पांढर. आपल्या खेड्यांत जमिनीचे दोन भाग मानतात: शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण आणि खापरे कुजून ही पांढरी माती झालेली असते. ती धाब्यावर घालायला चांगली आणि शेताला खत म्हणूनही चांगली, हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी तो खोऱ्याने चार पाट्या नेत होता, म्हणून टेकाडे टिकली. आज जेसीबी दोन दिवसांत ते टेकाड सपाट करतो, आणि तीन हजार वर्षांचा थर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघून उसाच्या सरीत पसरतो. शेतकऱ्याचा स्वार्थ चुकीचा नाही. पण एका हंगामाच्या खतासाठी जे जाते ते पुन्हा कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

यावर कायदे आहेत. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा गुप्त ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. प्राचीन स्थळांच्या रक्षणाचा केंद्राचा कायदा १९५८ चा आहे. पण प्रत्येक टेकाडावर शिपाई उभा करता येणार नाही. राखण गावानेच करायची आहे, आणि ती अवघड नाही. आपल्या गावची जुनी पांढर कोठे आहे हे ग्रामपंचायतीने नकाशावर दाखवून ठेवावे. तेथली माती उचलण्याआधी तहसीलदारांना आणि पुरातत्त्व खात्याला एक पत्र द्यावे. नक्षीचे खापर, मणी, पाते सापडले तर ते कोणत्या गटात, किती खोलीवर, कशाशेजारी मिळाले हे चिठ्ठीवर लिहून खापराबरोबर ठेवावे. चिठ्ठी नसलेले खापर कपाटाची शोभा. चिठ्ठी असलेले खापर पुरावा.

ज्यांना सवड असेल त्यांनी येत्या सुटीत मुलांना घेऊन जोर्व्याला जावे. तेथे मोठे मंदिर, मनोरा, कोरीव कमान असे डोळे दिपविणारे काही दिसणार नाही. नदीचे वळण दिसेल, शेते दिसतील, आणि शोधक नजरेला पायाखाली एखादे तांबडे खापर दिसेल. त्यावर कदाचित काळी रेघ असेल. मुलांना सांगावे, की ही रेघ आपल्याच गावच्या माणसाने तीन हजार वर्षांपूर्वी ओढली, आणि तिच्यामुळे जग आपल्या खोऱ्याला ओळखते. ते खापर मुलाला हातात घेऊन बोटाने वाजवू द्यावे, आणि मग जेथून उचलले तेथेच परत ठेवायला सांगावे.